दिवाळीला गावी येताय? दोन दिवस शाळेसाठी ठेवा

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जातात. काही टोळ्या दसऱ्यालाच गेलेल्या असतात. उरलेल्या भाऊबीज उरकून हलतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. त्याच दिवाळीला पुण्या-मुंबईत, संभाजीनगरात नोकरीला असलेली गावची मुलं चार दिवस घरी येतात. कोयता घेऊन निघालेला बाप आणि शिकून नोकरीला लागलेला शेजाऱ्याचा मुलगा एकाच वेळी गावात असतात, असे दिवस वर्षात एवढेच.

हे आवाहन त्या चार दिवसांसाठी आहे.

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. त्यातल्या एका मुलीबद्दल आधी सांगतो. बारावी सायन्सला तिला चांगले गुण पडले, सीईटी चांगली गेली आणि पहिल्याच फेरीत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलची जागा मिळाली. जागा भटक्या जमातीच्या आरक्षणातली होती. जातीचा दाखला तिच्याकडे होता, जात पडताळणीचं प्रमाणपत्र नव्हतं. भटक्या-विमुक्तांना पडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. तिचे आजोबा कधी शाळेत गेलेच नव्हते. ऐन पावसाळ्यात बापलेकीनं तहसील, जिल्ह्याचं ठिकाण आणि पुन्हा तहसील अशा खेपा घातल्या. मुदत संपली आणि जागा गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी कळलं की आजोबांचे सख्खे भाऊ शेजारच्या गावात दोन वर्षं शाळेत बसले होते. त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. ते रजिस्टर तिच्या घरापासून सहा किलोमीटरवरच्या एका लोखंडी कपाटात इतकी वर्षं पडून होतं.

बारावीच्या वर्षी डिसेंबरातच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज गेला असता तर शोधाशोधीला सहा-सात महिने मिळाले असते. त्या डिसेंबरात तिचे आईवडील कोल्हापूरकडे उसाच्या फडात होते. घरी आजी आणि धाकटा भाऊ. दहावीला मी तिला त्रिकोणमिती शिकवली होती. पुढे हा कागद लागतो हे मला माहीत होतं. ती बारावीत असताना रस्त्यात भेटायची, नमस्कार करायची, मी अभ्यासाचं विचारायचो. कागदाचं विचारलं नाही. आज ती तालुक्याला बी.ए. करते आहे. बी.ए. वाईट नाही, मन लावून करणाऱ्याला ते कुठंही नेतं. पण तिनं ते निवडलेलं नव्हतं.

तिच्या हातून गेलेल्या त्या जागेनं मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्या खेड्यातल्या मुलामुलींची कॉलेजची वाट परीक्षेच्या हॉलमध्ये अडते त्याहून जास्त वेळा परीक्षेच्या बाहेर अडते. कधी तारखेला अडते, कधी दाखल्याला, कधी बँकेच्या खात्याला, कधी कुणीच न सांगितलेल्या एका अर्जाला. शहरातल्या घरात हे सगळं आई, बाबा, मामा, शेजारचे काका असं कुणीतरी सांभाळतं आणि मुलाला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे ते सतरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं सांभाळायचं असतं, तेही बोर्डाचा अभ्यास चालू असताना.

मागण्यासारखी गोष्ट अगदी लहान आहे. तुम्ही कधीतरी कॉलेजची पायरी चढला असाल, एक तरी ऑनलाइन अर्ज स्वतः भरला असेल, तर या दिवाळीत दोन दिवस तुमच्या गावच्या हायस्कूलला द्या. दहावी आणि बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाप समोर बसवा. पैसे देऊ नका, भाषण करू नका. एकेका मुलाचा कागद हातात घ्या.

कशाकशाकडे बघायचं ते सांगतो, कारण नीट माहिती नसताना केलेली मदतही मुलाला बुडवते.

जातीचा दाखला आहे का, आणि त्यावरचं नाव, शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे पहिलं. आमच्याकडे एकाच मुलाची तीन कागदांवर तीन नावं निघतात. कुठं वडिलांचं नाव घरगुती, कुठं आडनाव वेगळं. दहावीचा बोर्डाचा अर्ज जाण्याआधी हे दुरुस्त होऊ शकतं. गुणपत्रिका छापून आल्यावर तेच काम दहापट अवघड होतं.

मग पडताळणी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. ज्याच्या त्याच्या तारखेआधीचा वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाचाही जातीची नोंद असलेला कागद शोधायचा आहे. शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुने महसुली कागद, काहीही चालतं. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कितीतरी कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. ते वाचू शकणारी म्हातारी माणसं अजून आहेत, तालुक्याला एखादे तरी निवृत्त कारकून किंवा मौलवीसाहेब असतात. त्यांना मानानं बोलवा. आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला शेजारी बसवून वंशावळ लिहून घ्या. पणजोबांचे भाऊ किती, कोण कुठल्या गावी दत्तक गेलं, कोण शाळेत बसलं होतं, हे फक्त त्या आजीला ठाऊक असतं. पुढच्या दिवाळीला ती असेलच असं नाही.

इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गाला नॉन-क्रिमीलेअर लागतं. ते ३१ मार्चपर्यंतच्या मुदतीचं असतं, आणि कपाटातल्या दाखल्याची मुदत संपलेली आहे हे प्रवेशाच्या आदल्या दिवशी कळतं. आरक्षण नसलेल्या गरीब घरांसाठी ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र असतं. तेही मागावं लागतं, आपोआप कुणी देत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी आणि तहसील, अधिवासासाठी आपले सरकार सेवा केंद्र. मुलांच्या शैक्षणिक दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही अडाणी बापाकडून स्टॅम्पपेपरचे पैसे घेणारे लोक दारात बसलेले असतात. तुम्ही त्याच्याबरोबर नुसते उभे राहिलात तरी ते थांबतं.

आता मोबाइल नंबर. ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटेल, पण मी हिच्यापायी मुलं रडताना पाहिली आहेत. अर्ज भरायला मुलगा बाजाराच्या गावी मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात जातो. घरी एकच फोन आणि तो बापाबरोबर फडात गेलेला. मग दुकानदार स्वतःचा नंबर टाकतो, स्वतःचा ईमेल टाकतो, पासवर्डही त्याच्याच वहीत. पुढं हॉल तिकीट आलं, जागा लागली, त्रुटी निघाली, की निरोप दुकानदाराला. त्याच्याकडं असे तीनशे अर्ज. तो तरी कुणाकुणाला सांगेल? म्हणून प्रत्येक मुलाचा स्वतःचा ईमेल तुमच्या समोर काढून घ्या. निदान आईच्या नावावर एक सिमकार्ड घरी राहील असं बघा. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावा. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते विचारा. ते नसेल तर महाडीबीटीवर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खात्यात उतरत नाही.

हे दिवाळीतच का, असं कुणी विचारेल. जेईई मेनच्या जानेवारीतल्या परीक्षेचे अर्ज साधारण याच सुमारास चालू असतात. राज्याच्या सीईटींची नोंदणी हिवाळ्यात सुरू होते, नीटची त्यामागोमाग. फेब्रुवारीत बारावीची आणि तिच्या पाठोपाठ दहावीची परीक्षा. निकालानंतर मे ते ऑगस्ट हा काळ इतक्या घाईचा असतो की त्यात नवा कागद जन्माला घालता येत नाही. आईबाप मार्च-एप्रिलमध्ये परततात तोवर निम्मे अर्ज बंद झालेले असतात.

कागदांइतकंच मोठं काम म्हणजे मुलाला वाटा दाखवणं. गावात वाटा तीनच माहीत आहेत. हुशार असेल तर सायन्स आणि नीट, मध्यम असेल तर कॉमर्स, उरलेले आर्ट्सला. लातूरला पाठवायला जमीन गहाण टाकणारी घरं मी पाहिली आहेत. नीटचा अभ्यास करूच नये असं मी म्हणत नाही. ज्याला डॉक्टरच व्हायचंय त्यानं जीव तोडून करावा. पण एकाच दारावर सगळ्या गावानं डोकं आपटायचं आणि बाकीची दारं उघडी आहेत हे कुणाला माहीतही नसायचं, हे मला मान्य नाही.

त्यातलीच काही दारं सांगतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका तीन वर्षांची, प्रवेश दहावीच्या गुणांवर, आणि पुढं अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. शेतीची आवड असलेल्या मुलाला राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. ॲग्रीची वाट सीईटीतूनच जाते. आर्ट्सच्या मुलालाही बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉची सीईटी देता येते. ज्याला भौतिक किंवा जीवशास्त्र मनापासून आवडतं त्याच्यासाठी पुण्याला आयसर आहे, तिची चाचणी वेगळी. देशभरातल्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे आणि ती आपण मराठीतूनही देऊ शकतो. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात गरजू मुलांना राहण्या-जेवणासकट शिष्यवृत्ती मिळते. आमच्या तालुक्यातल्या किती मुलांनी हे नाव ऐकलं असेल?

माहिती न पोहोचण्याचा सगळ्यात ढळढळीत दाखला २०२४ चा. त्या वर्षापासून एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजांत बीबीए, बीसीए, बीएमएसला सीईटी सक्तीची झाली. इतक्या मुलांना ते कळलंच नाही की जागा पुष्कळ आणि परीक्षेला बसलेले थोडे, अशी अवस्था झाली. शेवटी ऑगस्टमध्ये ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. दरवर्षी अशी दुसरी संधी मिळणार नाही. अकरावीचंही तसंच. पूर्वी काही महानगरांपुरता असलेला ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून राज्यभर लागू झाला. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही तिथं प्रवेश घेतला नाही, तर मुलगा पुढच्या नियमित फेऱ्यांबाहेर जातो. पसंतीक्रम दुकानदाराला भरायला सांगितला की काय होतं ते यावरून समजा.

मदत या शब्दाबरोबर आपल्याला लगेच देणगी आठवते. मला कृष्णाजी अर्जुन केळुसकर आठवतात. मुंबईतले शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडजवळच्या बागेत रोज वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा त्यांच्या नजरेत आला आणि त्यांनी त्याची विचारपूस सुरू केली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सत्कारात त्यांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं घरची ओढाताण झाली आणि कॉलेज सुटायची वेळ आली, तेव्हा केळुसकर गुरुजी त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, एल्फिन्स्टन कॉलेजचं शिक्षण पुरं झालं, १९१३ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. तो मुलगा भीमराव आंबेडकर. शिष्यवृत्तीचे पैसे महाराजांचे, बुद्धी आणि कष्ट त्या मुलाचे. गुरुजींना मदतीचं दार कुठं आहे ते माहीत होतं, आणि ते मुलाला बरोबर घेऊन तिथवर चालत गेले. आज त्या दारांची संख्या वाढली आहे. बरोबर चालणारी माणसं कमी पडताहेत.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. ऊसतोडीत उचल मिळते ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यामुळं हंगामाच्या तोंडावर लग्नं ठरतात, आणि वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची या काळजीनं आईबाप घाई करतात. ते दुष्ट नाहीत. त्यांना भीती वाटते आणि त्या भीतीला आपण उत्तर दिलेलं नाही. उत्तर म्हणजे राहण्याची सोय. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, भटक्या आणि इतर मागासांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांतून राहण्या-जेवणासाठी मुलांच्या खात्यात पैसे येतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही सवलत नाही. एखादा एजंट 'फेरीबिरी कशाला, थेट करून देतो' म्हणाला आणि बाप भुलला, की हाती आलेली माफी गेली.

ज्या ताईंनी स्वतः वसतिगृहात राहून शिक्षण केलं त्यांनी या दिवाळीत एवढंच करावं. एका मुलीच्या आईला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावं आणि वसतिगृहाची खोली, जेवणघर, रेक्टरबाई दाखवून आणावं. मी दहा वेळा सांगून जे होत नाही ते आईनं एकदा डोळ्यांनी पाहिलं की होतं.

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या शेतकरी बंधूंना आणि बेळगावकडच्या मराठी माणसांनाही माझं एक मागणं आहे. येत्या महिन्यात तुमच्या रानात टोळी उतरेल, कोप्या पडतील. त्यातल्या माणसांना एकदा विचारा, घरी दहावी-बारावीचं कुणी आहे का? असेल तर त्या बापाला एका दुपारची सवड द्या. त्याच्या आधारची, रेशनकार्डाची प्रत, एखादी सही, एखादं प्रतिज्ञापत्र यासाठी तुमच्या मोटारसायकलवरून त्याला गावातल्या सेवा केंद्रात न्या आणि त्याच्या मुलाला फोन लावून द्या. मुकादमाला तुम्ही शब्द टाकलात तर तो नाही म्हणणार नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की सुटीतही जुनी रजिस्टरं उघडी ठेवा. शक्य असेल तर १९६७ च्या आधीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून एका ठिकाणी जपा. कुणाचं तरी कॉलेज त्या पिवळ्या पानावर अवलंबून आहे. आठवीच्या मुलांची एनएमएमएस परीक्षेची नोंदणी झाली का तेही बघा. त्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. गरीब घरात तेवढ्यावर शाळा टिकते. आणि मंडळांनो, पतसंस्थांनो, दर जूनमध्ये तुम्ही गुणवंतांचा सत्कार करता, शाल-श्रीफळ देता, फोटो काढता. तुमची भावना खरी आहे, तरी स्पष्ट बोलतो. तो समारंभ पास झालेल्यांसाठी आणि उशिरा होतो. तोच मांडव आणि तोच खर्च दिवाळीत दाखल्यांच्या शिबिराला लावा, सेवा केंद्राचा माणूस संगणकासकट एक दिवस शाळेत आणून बसवा.

शिकलेल्या मुलांना एक सूचना आवर्जून. मुलानं काय व्हायचं ते तुम्ही ठरवू नका. त्याला काय आवडतं ते आधी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर गप्प बसून वाट बघा. आमची मुलं मोठ्यांसमोर बोलत नाहीत, विचारलं की 'सर, तुम्ही म्हणाल ते' म्हणतात. तुम्ही तुमचं पहिलं वर्ष सांगा. इंग्रजीतलं लेक्चर कळत नव्हतं, मेसचं जेवण जात नव्हतं, घरी पळून यावंसं वाटत होतं, हे सगळं खरं खरं सांगा. मग ती बोलतील. आणि दिवाळी संपली की नातं तोडू नका. तुम्ही घेतलेल्या दोन मुलांचे नंबर जवळ ठेवा आणि प्रवेश हातात पडेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करा. दोनच मुलं घ्या. दहा घेतलीत तर एकही नीट होणार नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तुमच्या गावच्या शाळेत या. सुटीत शाळेला कुलूप असतं, म्हणून मुख्याध्यापकांना आजच फोन करून किल्ली कुणाकडे मिळेल ते विचारा. येताना मोबाइलचा चार्जर, कोऱ्या कागदांची एक वही, तुमचे स्वतःचे जुने दाखले नमुना म्हणून, आणि शेजारच्या वाड्यातली आजी एवढं घेऊन या. दहावी-बारावीच्या मुलांच्या आईबापांना आदल्या रात्री घरी जाऊन सांगा, लाउडस्पीकरवर नको. त्यांचे ट्रक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघणार आहेत.